वारसा सर्वांचा, नफा कसबाचा
प्राचीन संस्कृतींच्या आधाराने उभ्या राहिलेल्या खेळांच्या धंद्याची हकिकत

व्यापार म्हटला की दुकान, गोदाम आणि तराजू आठवतात. परंतु गेल्या पन्नास वर्षांत जगात एक असा धंदा वाढला आहे, की त्याचा मुख्य माल तराजूत घालता येत नाही. हा माल म्हणजे कल्पनेतले देश. त्या देशांचे नकाशे, राजे, नाणी, बाजारपेठा आणि चालीरीती पुस्तकात छापून विकल्या जातात. गिऱ्हाईक ते पुस्तक विकत घेते आणि चार मित्रांना जमवून त्या देशात खेळ मांडते. आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांना हा धंदा लांबचा वाटेल. पण त्यातील मालकी, करार, उधारी आणि विश्वास यांचे प्रश्न तुमच्या आमच्या धंद्यातलेच आहेत. म्हणून त्याची ही हकिकत.

खेळ कसा असतो?

इंग्रजीत याला रोल-प्लेइंग गेम म्हणतात. चार-सहा जण टेबलाभोवती बसतात. त्यांतील एक जण सूत्रधार होतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. कोणी शिपाई, कोणी वैद्य, कोणी सौदागर. सूत्रधार प्रसंग सांगतो, ‘तुमची होडी बंदराला लागली आहे, जकात अधिकारी समोर उभा आहे, आता काय करणार?’ खेळणारे उत्तर देतात आणि ते जमले की फसले हे फाशांवर ठरते. फासे म्हटले की जुगाराची शंका येणे साहजिक आहे. या खेळात पैसा लावला जात नाही आणि बहुधा कोणी कोणाला हरवतही नाही. सर्वांनी मिळून एक गोष्ट रचायची, असा तो प्रकार आहे.

यातील फासे चार, आठ, बारा आणि वीस बाजूंचेही असतात. वीस बाजूंचा फासा ही आजची युक्ती नव्हे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये प्राचीन इजिप्तमधील असा दगडी फासा ठेवलेला आहे आणि त्याच्या बाजूंवर ग्रीक अक्षरे कोरलेली आहेत.

या धंद्याची सुरुवात अगदी लहान होती. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाचे गाव आहे. तेथे गॅरी गायगॅक्स आणि डॉन के यांनी १९७३ मध्ये टीएसआर ही कंपनी काढली. गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तयार केलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये तिने बाजारात आणला. पहिली छपाई फक्त १,००० प्रतींची होती. किंमत होती १० डॉलर. खोक्यात पुस्तिका भरण्याचे काम घरीच चालत असे.

त्या पहिल्या पुस्तिकांत नियम होते, पण देश नव्हता. गिऱ्हाइकाने आपला देश आपणच रचावा, अशी अपेक्षा होती. सर्वांना ते जमत नाही. शिंपी कापड आणि शिलाई दोन्ही देतो तेव्हा गिऱ्हाइकाची सोय होते, तसेच येथे झाले. तयार देशाला मागणी आली. आणि तयार देशासाठी सर्वांत स्वस्त कच्चा माल कोणता? प्राचीन संस्कृती! इजिप्त, बाबिलोन, रोम, माया आणि अझटेक यांच्या इतिहासावर कोणाचाही मक्ता नाही आणि कोणाला रॉयल्टी द्यावी लागत नाही.

उर्दूच्या प्राध्यापकाची दुनिया

या कच्च्या मालावर पहिले मोठे काम केले ते उर्दू शिकवणाऱ्या एका मुस्लिम प्राध्यापकाने, हे आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. त्यांचे नाव मुहम्मद अब्दुर्रहमान बार्कर. ते १९२९ मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात जन्मले. मूळ नाव फिलिप बार्कर. १९५१ मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्तीवर ते हिंदुस्थानात आले आणि येथेच त्यांनी इस्लाम स्वीकारला. पुढे कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या इस्लामी अध्ययन संस्थेत आणि १९७२ पासून अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले. ‘अ कोर्स इन उर्दू’ हा त्यांचा अभ्यासक्रम परदेशी विद्यार्थ्यांत गाजला. बलुची भाषेवर त्यांनी पुस्तक केले, तसेच अमेरिकेतील क्लॅमथ या आदिवासी भाषेचे व्याकरण आणि शब्दकोशही केला.

लहानपणापासून ते मनात एक दुनिया रचत होते. तिचे नाव टेकुमेल. १९७४ मध्ये त्यांनी तिच्यावर खेळाचे पुस्तक लिहिले आणि सुमारे पन्नास प्रती स्वतःच काढल्या. पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, टीएसआरने ते ‘एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन’ या नावाने बाजारात आणले.

बार्कर यांनी एकही प्राचीन देश जसाच्या तसा उचलला नाही. माया आणि अझटेक, इजिप्त, हिंदुस्थान अशा अनेक ठिकाणचे धागे घेऊन त्यांनी नवे वस्त्र विणले. टेकुमेलवर लोखंड दुर्मीळ आहे. मग शिपायाला चिलखत कशाचे? च्लेन नावाच्या एका मोठ्या जनावराच्या कातड्यावर रसायनांची प्रक्रिया करून ते साच्यात घडवायचे आणि कठीण करायचे. म्हणजे त्या साम्राज्याच्या सैन्याची सारी मदार चर्मकारावर! घोडे नाहीत, त्यामुळे माणसे पायी चालतात, श्रीमंत पालखीत बसतात आणि माल हमालांच्या पाठीवरून किंवा जनावरांच्या संथ गाड्यांतून जातो. शहरांना जोडणारे उंच बांधीव रस्ते आहेत. त्यांना साकबे हे नाव माया लोकांच्या खऱ्या रस्त्यांवरून दिले आहे. समाज कुळांत वाटलेला आहे आणि कुळाप्रमाणे व्यवसाय व दर्जा ठरतो. बिरादरीची रीत जाणणाऱ्या माणसाला हे सांगावे लागत नाही.

भाषेचे प्राध्यापक असल्याने त्यांनी या साम्राज्याला स्वतंत्र भाषा आणि लिपी दिली. त्सोल्यानी भाषेचे व्याकरण १९७८ मध्ये छापून निघाले.

इतकी अनोळखी दुनिया नव्या गिऱ्हाइकाला समजणार कशी? यावर त्यांची तोड पाहण्यासारखी आहे. खेळणाऱ्याचे पात्र परदेशी माणूस असते. ते होडीतून जकाल्ला बंदरात उतरते आणि परक्यांसाठी राखलेल्या वस्तीत राहते. तेथील रीतभात त्या पात्राला माहीत नसते आणि खेळणाऱ्यालाही माहीत नसते. दोघे बरोबरच शिकतात. अपरिचित माल विकताना गिऱ्हाइकाला कोठे उभे करावे, याचा हा नमुना आहे.

उचललेला माल आणि घडवलेला माल

याच्या उलट उदाहरणेही आहेत. टीएसआरने १९९० मध्ये ‘ओल्ड एम्पायर्स’ हे पुस्तक काढले. त्यात इजिप्त आणि बाबिलोन यांना थोडी नावे बदलून आपल्या काल्पनिक नकाशाच्या कोपऱ्यात बसवले होते आणि अनेक देवता तर मूळ नावांनीच ठेवल्या होत्या. १९९१ च्या ‘मॅझ्टिका’ या संचात स्पॅनिश लोकांनी अझटेकांवर केलेली स्वारीच वेष बदलून आली. अशा मालाला एक अडचण असते. जो इतिहास कोणीही वाचू शकतो, त्याची नक्कल दुसराही करू शकतो. मग आपल्या मालाची वेगळी ओळख कशी राहणार? टेकुमेलची नक्कल सहजासहजी होत नाही, कारण त्यात माहितीवर कसब चढवलेले आहे.

मग बार्कर यांचा माल सर्वांत जास्त खपला का? नाही. पहिली गोष्ट किमतीची. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १० डॉलरला मिळत असताना टेकुमेलचा संच २५ डॉलरला होता. दुसरी गोष्ट, नावे उच्चारायला कठीण. तिसरी आणि मोठी गोष्ट, प्रकाशक सारखे बदलत राहिले. टीएसआरनंतर १९८० च्या दशकात गेमसायन्स, १९९४ मध्ये आणखी एक, २००५ मध्ये आणखी एक. दर वेळी नियम नवे, पुस्तक नवे आणि दुकानदाराला सुरुवात पहिल्यापासून. एका पेढीवर टिकून राहिलेला साधा माल वारंवार पेढी बदलणाऱ्या उत्तम मालाच्या पुढे जातो, हे आपल्या बाजारातही दिसते.

करारात काय विकले?

आता दुसऱ्या एका दुनियेचे उदाहरण घेऊ. ग्रेग स्टॅफर्ड हे १९६६ मध्ये कॉलेजात असताना ‘ग्लोरान्था’ नावाचे जग रचू लागले. हे जग कांस्ययुगाच्या धर्तीचे आहे. तेथे कांसे खाणीतून निघते आणि ती मेलेल्या देवांची हाडे आहेत, अशी कथा आहे. स्टॅफर्ड यांनी १९७५ मध्ये केऑसियम ही छोटी कंपनी काढली आणि १९७८ मध्ये ‘रूनक्वेस्ट’ हा खेळ बाजारात आणला.

१९८० च्या दशकात अ‍ॅव्हलॉन हिल या मोठ्या कंपनीशी सौदा झाला. स्टॅफर्ड यांच्या बाजूने खेळाचे नाव आणि नियम गेले, पण ग्लोरान्थाची दुनिया त्यांनी स्वतःकडे ठेवली. ही एक गोष्ट पुढे तीस वर्षे कामाला आली. अ‍ॅव्हलॉन हिल १९९८ मध्ये हॅस्ब्रोने विकत घेतली, पण ग्लोरान्था विकली गेली नाही, कारण ती त्या कंपनीची नव्हतीच. स्टॅफर्ड यांनी ती घेऊन इसॅरीज नावाने वेगळी कंपनी काढली. इसॅरीज हे त्या दुनियेतील व्यापाराच्या देवाचे नाव! १९९९ मध्ये त्याच दुनियेवर ‘किंग ऑफ ड्रॅगन पास’ हा कॉम्प्युटरचा खेळ निघाला. पुढे नाव आणि दुनिया पुन्हा एकत्र आले आणि २०१८ मध्ये केऑसियमनेच नवे ‘रूनक्वेस्ट’ छापले. स्टॅफर्ड त्याच वर्षी वारले.

आपल्या कारागिरांनी येथे थांबून विचार करावा. व्यापारी नमुना मागतो तेव्हा आपण एक नग विकतो, की नक्षीच विकून टाकतो? आपल्या देशात १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम १९ सांगते की, हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी हवेत. कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरला जातो. लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. वस्तूच्या आकाराची किंवा नक्षीची नोंदणी २००० च्या डिझाईन कायद्याखाली करता येते, मात्र माल बाजारात दाखवण्यापूर्वी अर्ज करणे इष्ट. सही करण्यापूर्वी वकिलाला दाखवलेला कागद नंतरच्या दहा खेपा वाचवतो.

मोठी कंपनी का बुडाली?

टीएसआर १९९० च्या दशकात या धंद्यातील सर्वांत मोठे नाव होते. तरीही १९९६ च्या अखेरीस तिच्याकडे छपाईचे पैसे द्यायला रक्कम उरली नव्हती आणि नवा माल निघणे थांबले. १९९७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील विझर्ड्स ऑफ द कोस्ट या तरुण कंपनीने ती विकत घेतली. पुढे १९९९ मध्ये ही कंपनीही हॅस्ब्रोने घेतली.

बुडण्याची कारणे दोन सांगितली जातात. एक म्हणजे फार दुनिया. जादूचा देश वेगळा, वाळवंटाचा वेगळा, भुताखेतांचा वेगळा, आकाशातला वेगळा. गिऱ्हाईक एका दुनियेला बांधले गेले की दुसरीची पुस्तके घेईना. छपाईचा खर्च दहा ठिकाणी आणि गिऱ्हाईक मात्र तेच, वाटले गेलेले. दुसरे कारण उचलीचे. पुस्तकांच्या दुकानांत माल पोचवणाऱ्या वितरकाकडून माल रवाना होताच पैसे मिळत. पण दुकानात न खपलेला माल परत येई आणि घेतलेले पैसे कर्ज होऊन बसत. माल पाठवला म्हणजे खपला असे नव्हे. दिवाळी-ईदच्या हंगामात जाकड माल देणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.

आपली गोष्ट, दुसऱ्याची पेढी

याच टीएसआरने १९९२ मध्ये ‘अल-कादिम’ नावाची मालिका काढली. मुख्य पुस्तक जेफ ग्रब यांचे. अरबी भाषेतील सुरस गोष्टी म्हणून आपल्याकडे ज्या वाचल्या जातात, त्या गोष्टींचे आणि जुन्या अरब-इराणी जगाचे वातावरण त्यात होते. बाजार, काफिले, जिन्न, पाहुणचार; इतकेच नव्हे तर एकत्र मीठ खाल्ल्याने जोडले जाणारे नातेसुद्धा खेळाच्या रिवाजात बसवले होते. मालिका १९९४ पर्यंत चालली आणि तिला चाहते मिळाले. त्यात इतिहासाबरोबर हॉलिवूडच्या सिनेमाचाही अंश होता.

याबद्दल रागावून उपयोग नाही. या गोष्टी सर्वांच्या आहेत. आपल्या पच्चिसीचेच पाहा. तिच्यावरून केलेल्या ‘पार्चिसी’ या नावाची अमेरिकेत १८७४ मध्ये व्यापारचिन्ह म्हणून नोंद झाली. इंग्लंडमध्ये १८९६ मध्ये ‘लुडो’चे पेटंट घेतले गेले आणि तोच लुडो आपण पुन्हा विकत आणून खेळलो. खेळ आपला होता, पण नाव नोंदवले ते दुसऱ्याने. ज्यांच्याकडे वारसा आहे त्यांनी त्याला माल म्हणून घडवले नाही, तर दुसरा घडवतो आणि त्याला दोष देता येत नाही.

अलीकडे मात्र थोडा बदल झाला आहे. विझर्ड्सने २०२२ मध्ये ‘जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल’ हे पुस्तक काढले. त्यातील निरनिराळे देश निरनिराळ्या संस्कृतींच्या आधाराने रचलेले आहेत आणि ते बहुतांशी त्या त्या मुळाच्या लेखकांनीच लिहिले. प्रकल्पाच्या प्रमुखांत अजित जॉर्ज होते. बंगालच्या नद्या आणि धुके यांवर आधारलेला शंखभूमी हा देश कोलकात्यात जन्मलेल्या मिमी मोंडल यांनी लिहिला. म्हणजे ज्याचा वारसा, त्याच्या हाताला काम आणि पानावर नाव.

विश्वासाची किंमत

बार्कर २०१२ मध्ये वारले. त्यांच्यासंबंधी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. १९९१ मध्ये अमेरिकेत टोपणनावाने एक कादंबरी निघाली होती. तीत ज्यू लोकांविषयी उघड द्वेष आणि नाझी विचारांची तरफदारी होती. ती बार्कर यांनीच लिहिली होती, हे टेकुमेल सांभाळणाऱ्या टेकुमेल फाउंडेशनने २०२२ मध्ये जाहीर केले आणि तिचा निषेध केला. ही माहिती आधीपासून असूनही सांगायला उशीर केला, याची कबुलीही दिली. या बातमीने अनेक जुने चाहते दुखावले आणि काहींनी ती दुनिया खेळणे सोडले.

बार्कर आपल्या धर्माचे आणि आपल्या भाषेचे चाहते होते, म्हणून ही गोष्ट झाकून ठेवणे बरोबर नाही. एखाद्या जमातीचा द्वेष म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. शिवाय कल्पनेतील देश विकणाऱ्याचा सारा धंदा विश्वासावर चालतो. गिऱ्हाईक त्या माणसाच्या मनात राहायला जाते. त्या घराच्या पायाखाली काय पुरले आहे हे नंतर कळले, तर चाळीस वर्षांची कारागिरीही गिऱ्हाइकाला थांबवू शकत नाही. आणि वारसांनी दोष लपवला, तर त्यांचीही पत जाते.

आता दार उघडे आहे

आज या धंद्यात शिरायला टीएसआरसारखे भांडवल लागत नाही. पुस्तक कॉम्प्युटरवर तयार करून पीडीएफ स्वरूपात जगभर विकता येते. मागणी येईल तशी एक-एक प्रत छापण्याचीही सोय आहे, त्यामुळे गोदामात माल पडून राहत नाही. नियमांची अडचणही कमी झाली आहे. जानेवारी २०२३ मध्ये विझर्ड्सने आपल्या जुन्या खुल्या परवान्याच्या अटी बदलण्याचा घाट घातला. गिऱ्हाइकांनी इतका विरोध केला की, त्याच महिन्यात कंपनीला माघार घ्यावी लागली आणि खेळाच्या मूळ नियमांचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला करावा लागला. श्रेय नमूद करून तो मजकूर कोणीही वापरू शकतो. कंपनीचे व्यापारचिन्ह मात्र वापरता येत नाही.

कारागिरांसाठीही यात जागा आहे. खेळणाऱ्यांना फाशांसाठी चामड्याच्या थैल्या, लाकडी पेट्या, पितळी फासे, कापडावर छापलेले नकाशे हवे असतात. कच्चा माल आणि हात, दोन्ही आपल्याकडे आहेत. या खेळांतील अनेक दुनियांत काल्पनिक देवदेवता असतात. त्या प्रकारचा माल हाताळावा की नाही, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी ठरवावे.

ज्या तरुणाला हात घालायचा असेल त्याने मोठा देश रचायला बसू नये. एक बंदर पुरे. दक्खनच्या सुलतानांच्या काळी चौल आणि दाभोळ येथे अरबस्तान आणि इराणची जहाजे लागत. तेथील घोड्यांचा सौदा, जकातीची चौकी, दुभाषे, हुंड्या आणि समुद्राचा हंगाम एवढ्यावर एक लहान पुस्तक होऊ शकते. खर्च आधी मांडावा, छपाई थोडी करावी आणि पहिल्या पानावर आपले नाव व हक्क स्पष्ट लिहावेत. दुनिया एकच ठेवावी आणि ती सोडू नये. दुसऱ्या कोणी छापायला मागितली तर नियम द्यावेत, चित्रे द्यावीत, वेळ पडली तर नावही द्यावे. पण ते बंदर मात्र आपल्याच ताब्यात ठेवावे.